वेगाला लगाम घालणारा दृष्टिहीन अभियंता

महामार्गावर सलग तीन-चार तास मोटार चालवली की उजव्या पायाचा घोटा अवघडतो. ऐक्सिलरेटरवर एकाच दाबाने पाय ठेवून बसणे हे वरवर सोपे वाटणारे, प्रत्यक्षात अत्यंत कंटाळवाणे काम आहे. त्या कामातून पायाची सुटका करणारी 'क्रूझ कंट्रोल' ही सोय आज भारतातल्या मध्यम किमतीच्या मोटारींतही मिळू लागली आहे. हव्या त्या वेगाला पोचावे, कळ दाबावी आणि पाय मोकळा करावा. चढ आला तरी, उतार आला तरी मोटार तोच वेग धरून राहते. आधुनिक मोटारीला ही सोय ज्याने मिळवून दिली तो अमेरिकन अभियंता राल्फ टीटर वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीच पूर्णपणे अंध झाला होता. स्पीडोमीटरचा काटा त्याने कधी पाहिला नाही. वेग त्याला कळत असे तो आसनावर बसलेल्या शरीराला बसणाऱ्या हिसक्यांतून.

राल्फ यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हॅगर्सटाउन या छोट्या गावी झाला. टीटर कुटुंबाचे रक्तच जणू यंत्रांचे होते. काका चार्ल्स टीटर यांनी रेल्वेच्या रुळांवरून पायाने चालवण्याची, मार्गाची तपासणी करण्यासाठी उपयुक्त अशी सायकल तयार केली होती आणि तिच्या उत्पादनासाठी कुटुंबाने कारखाना काढला होता. पुढे पायाच्या जागी इंजिन आले, सायकलीची रुळगाडी झाली, आणि इंजिने बनवता बनवता हे कुटुंब मोटारींच्या धंद्यात शिरले. भाऊ, पुतणे, जावई असे सगळेच एका छपराखाली राबत. अशा घरातल्या मुलाला हातोडी आणि कानस ही खेळणी वाटावीत यात नवल नव्हते.

पाच वर्षांचा असताना राल्फच्या हातून चाकू निसटला आणि त्याचे टोक एका डोळ्यात घुसले. तो डोळा गेलाच. पण एका डोळ्याच्या खोल जखमेची प्रतिक्रिया दुसऱ्या निरोगी डोळ्यावर उमटण्याचा जो दुर्धर प्रकार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे, तो येथे घडला. वर्षाच्या आत दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. आज या प्रकारावर औषधे आहेत. १८९५-९६ साली नव्हती.

त्यानंतर आईवडिलांनी जे केले ते त्या काळाच्या मानाने असामान्य होते. मुलाला वेगळे काढायचे नाही, त्याच्या अंधत्वाचा घरात उच्चार करायचा नाही, आणि इतर मुले जे करतात ते त्यालाही करू द्यायचे, असे त्यांनी ठरवले. या पद्धतीत एक क्रूरपणाही असू शकतो, हे मान्य केले पाहिजे. ज्या दुःखाचे नावच काढायचे नाही ते दुःख मुलाने एकट्यानेच वाहायचे असते. मोठेपणीही टीटर आपल्या अंधत्वाविषयी फारसे बोलत नसत. मात्र या मौनाचा एक परिणाम असा झाला की, अमुक गोष्ट आपल्याला जमणार नाही, ही समजूत राल्फच्या मनात रुजलीच नाही. तो कारखान्यात मुक्तपणे वावरत असे. लेथ, भट्टी, इंजिने यांच्या जागा आणि आवाज त्याला पाठ झाले. बारा वर्षांचा असताना चुलत भावाच्या साथीने त्याने एक लहानशी मोटार बांधून चालती केली. ही गोष्ट १९०२ सालची. हेन्री फोर्ड यांची 'फोर्ड मोटर कंपनी' स्थापन व्हायला तेव्हा अजून एक वर्ष अवकाश होता.

अभियंता व्हायचे तर महाविद्यालयात गेले पाहिजे, आणि अंध विद्यार्थ्याला यांत्रिक अभियांत्रिकीच्या वर्गात घेण्याची कल्पनाच त्या काळी विद्यापीठांना असह्य होती. रेखाचित्रे कोण काढणार, प्रयोगशाळेत यंत्रांजवळ उभे कोण राहणार, असे प्रश्न पुढे करून नकार येत गेले. अखेर वाट सापडली ती चुलत बहिणीमुळे. नेव्हा डिअरडॉर्फ या त्या वेळी फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होत्या. पुढे समाजकार्याच्या क्षेत्रात त्यांनी नाव मिळवले. त्यांच्या खटपटीने राल्फला प्रवेश मिळाला आणि ग्रंथ वाचून दाखवण्याचे कामही त्यांनी केले. ऐकायचे, मनात आकृती उभी करायची, ती मनातच फिरवून सर्व बाजूंनी तपासायची, ही टीटर यांची कार्यपद्धती तेथे पक्की झाली. १९१२ साली ते पदवीधर झाले. १९३० साली त्याच विद्यापीठाची पदव्युत्तर पदवीही त्यांनी घेतली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीमधील कॅम्डेनच्या जहाज कारखान्यात टीटर काम करीत होते. तेथे नौदलासाठी विनाशिका बांधल्या जात होत्या. त्यांच्या वाफेच्या टर्बाईनमधील प्रचंड वेगाने फिरणारा मधला भाग, म्हणजे रोटर, समतोल करणे ही मोठी अडचण होऊन बसली होती. रोटरचे वजन एका बाजूला किंचित जास्त झाले तरी तो थरथरू लागतो, धारवे झिजतात आणि अखेर टर्बाईन निकामी होते. स्थिर अवस्थेत समतोल वाटणारा रोटर फिरू लागला की बिघडतो, त्यामुळे नुसते तराजूचे गणित येथे उपयोगी पडत नाही. टीटर यांनी बोटांच्या टोकांनी थरथर वाचली. कोणत्या टोकाला, कोणत्या क्षणी, किती जोराने धक्का बसतो हे त्यांच्या हाताला उमगत असे, आणि त्यातून फिरत्या रोटरचा समतोल साधण्याची रीत त्यांनी बसवून दिली. अंध माणसाच्या इतर इंद्रियांना निसर्ग आपोआप जास्तीची शक्ती देतो, हा लोकप्रिय समज येथे आणण्याची गरज नाही. वीस वर्षे रोज यंत्रांवर हात ठेवणाऱ्या अभ्यासू माणसाची ही कमाई होती.

युद्धानंतर ते हॅगर्सटाउनला परतले. कुटुंबाने इंजिनांचा धंदा विकून टाकला होता आणि केवळ पिस्टन रिंग बनवण्याचे काम स्वतःकडे ठेवले होते. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामधली फट बंद ठेवणारी ही लोखंडी कडी दिसायला क्षुल्लक. परंतु ती नीट बसली नाही तर इंजिन तेल पिते, धूर ओकते आणि शक्ती गमावते. इंचाच्या हजाराव्या भागाची चूक येथे खपत नाही. या कंपनीचे नाव पुढे 'परफेक्ट सर्कल' असे ठेवण्यात आले. टीटर हे तिचे अभियांत्रिकी प्रमुख आणि नंतर दीर्घकाळ अध्यक्ष होते. १९३६ साली अमेरिकेच्या 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' या नामवंत संस्थेने त्यांना आपले अध्यक्षपद दिले. गिअर बदलण्याची यंत्रणा, कुलुपे, गवत कापण्याचे यंत्र अशा कितीतरी गोष्टींवर त्यांनी डोके चालवले. सगळ्याच यशस्वी झाल्या असे नाही.

कंपनीच्या इतिहासात एक कटू प्रकरणही आहे. १९५५ साली कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील संप चिघळला. न्यू कॅसल येथील ओतशाळेबाहेर गोळीबार झाला, माणसे जखमी झाली आणि राज्याला नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. एका कुटुंबाच्या छपराखाली सुरू झालेला धंदा हजारो कामगारांचा झाला की घरगुती जिव्हाळ्याची भाषा पुरी पडत नाही, एवढेच येथे नोंदवतो.

आता मुख्य शोधाकडे. टीटर यांचे पेटंटविषयक वकील आणि स्नेही हॅरी लिंडसे यांच्या मोटारीतून ते अनेकदा प्रवास करीत. लिंडसे गप्पिष्ट होते. स्वतः बोलू लागले की त्यांचा पाय नकळत सैल पडे आणि मोटार मंदावे. समोरचा बोलू लागला की पुन्हा दाब वाढे आणि मोटार पुढे झेपावे. डोळे उघडे असलेल्या प्रवाशाला रस्ता, झाडे, समोरची वाहने दिसत असतात. मनाला आगाऊ सूचना मिळते आणि असे हिसके त्याच्या लक्षातही येत नाहीत. टीटर यांना ती सवलत नव्हती. प्रत्येक हिसका त्यांच्यापर्यंत पूर्वसूचनेशिवाय पोचत असे. त्यातच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल आणि विशेषतः टायरचे रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, अशी राष्ट्रीय वेगमर्यादा लागू झाली होती. ती कोणी फारशी पाळत नसे, आणि पाळू इच्छिणाऱ्यालाही मोकळ्या रस्त्यावर पाय इतका आवरून धरणे कठीण जाई. चालकाला वेग आठवण करून देणारे, त्याच्या पायाशी बोलणारे काहीतरी हवे, असे टीटर यांच्या मनाने घेतले.

इंजिनाचा वेग स्थिर ठेवण्याची कल्पना नवी नव्हती. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॅट यांनी १७८८ च्या सुमारास फिरत्या गोळ्यांचा नियामक वापरला होता. १९१० च्या दशकातील 'पीअरलेस' या महागड्या मोटारीतही तशा प्रकारचा नियामक होता. टीटर यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांच्या यंत्रणेत मोटारीच्या वेगाबरोबर फिरणारी वजने असत. वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने ती बाहेर फाकत आणि एका स्प्रिंगवर दाब देत. ती स्प्रिंग किती ताणायची हे चालकाने समोरची चकती फिरवून ठरवायचे. निवडलेला वेग गाठला की वजनांचा दाब स्प्रिंगवर मात करी, एक झडप उघडे, आणि इंजिनातील निर्वात दाबाने सरकणारा दट्ट्या ऐक्सिलरेटरला उलटा रेटा देई. पायाला एकदम जड लागे. याहून जोरात जायचे असेल, ओलांडून पुढे निसटायचे असेल, तर पाय नेटाने दाबला की झाले. यंत्र अडवत नसे, फक्त जाणीव देत असे.

१९४८ साली टीटर यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५० साली ते मंजूर झाले. पेटंटच्या शीर्षकात ऐक्सिलरेटरच्या हालचालीला विरोध करणारे वेगनियंत्रक साधन, असाच अर्थ आहे. वेग आपोआप राखण्याचा उल्लेख त्यात नाही. प्रस्तुत लेखकाला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला काटा दिसत नाही अशा माणसाने दिसणाऱ्यांसाठी असे साधन घडवले, की ज्यामुळे काट्याकडे न पाहता पायाच्या तळव्यालाच वेग कळावा. नावासाठी त्यांनी 'कंट्रोलमॅटिक', 'टचोमॅटिक', 'प्रेसोमॅटिक' असे पर्याय विचारात घेतले होते. दुसऱ्या नावात तर स्पर्शच आहे. शेवटी 'स्पीडोस्टॅट' हे नाव कायम झाले.

नुसत्या उलट्या रेट्याने लोकांचे समाधान झाले नाही. वेग कळला, आता पायच काढून घेता यावा, ही पुढची मागणी साहजिक होती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर टीटर यांनी यंत्रणेला विद्युतचुंबकाची जोड दिली. कळ ओढली की वेग धरून ठेवला जाई आणि ब्रेकला पाय लागताच पकड सुटे. १९५८ सालच्या मॉडेलांसाठी क्रायसलर कंपनीने ही यंत्रणा 'ऑटो-पायलट' या नावाने आपल्या इंपीरियल, न्यू यॉर्कर आणि विंडसर या मोटारींत देऊ केली. लवकरच कॅडिलॅकने तिला 'क्रूझ कंट्रोल' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. क्रायसलरने निवडलेले नाव भव्य, पण फसवे होते. मोटार वळण घेत नव्हती, समोरचे वाहन ओळखत नव्हती. ती फक्त वेग राखत होती. विरोध करणारे साधन लोकांनी पाय काढून घेण्यासाठी स्वीकारले, आणि चालकाचे लक्ष उडण्याचा धोकाही त्याच क्षणी सुरू झाला. ओल्या रस्त्यावर ही कळ वापरू नये, ही सूचना आजही मोटारीच्या माहितीपुस्तिकेत छापावी लागते. समृद्धी महामार्गावर सुरुवातीच्या काळात जे अपघात झाले, त्या वेळी एकसुरी, सरळ रस्त्यावर चालकाला येणाऱ्या गुंगीची आपल्याकडेही बरीच चर्चा झाली होती. क्रूझ कंट्रोल असो वा नसो, पायाला काम उरले नाही की मनही सुस्तावते.

आरंभीची पंधरा वर्षे ही सोय श्रीमंती मोटारींची चैन राहिली. तिला खरा बहर आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा कायद्याने आली. रुंद, रिकाम्या महामार्गावर ताशी ८८ किलोमीटरने जाणे म्हणजे अमेरिकन चालकाला शिक्षाच वाटे. पोलिसांची दंडाची चिठ्ठी टाळायची तर पाय आवरायला यंत्राची मदत हवी होती. युद्धकाळातल्या ३५ मैलांच्या मर्यादेत रुजलेली कल्पना अशी तीस वर्षांनी, दुसऱ्या टंचाईत, घरोघर पोचली. टीटर तेव्हा ८३ वर्षांचे होते.

आणि नेमक्या याच सुमारास वेगाचा आकडाच बदलण्याची वेळ आली. १९७५ साली अमेरिकेने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. पण तो ऐच्छिक होता. रस्त्यांवरील फलक किलोमीटरमध्ये करण्याचा प्रस्ताव १९७७ मध्ये मांडला गेला आणि लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला. शेजारच्या कॅनडाने मात्र त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, देशभरातले वेगाचे फलक बदलून टाकले. साठ मैलांच्या जागी शंभर किलोमीटर, तीसच्या जागी पन्नास. सीमा ओलांडून जाणाऱ्या अमेरिकन चालकाच्या पुढे १०० चा फलक येई आणि त्याच्या स्पीडोमीटरवर मैल. शंभर किलोमीटर म्हणजे ६२ मैल, हे गणित त्याने डोक्यात करावे आणि मगच कळ दाबावी, अशी स्थिती होती. १९७९ पासून अमेरिकन मोटारींच्या स्पीडोमीटरवर मैल आणि किलोमीटर दोन्ही असावेत आणि ५५ चा आकडा उठून दिसावा, असा नियमही झाला. तो फार दिवस टिकला नाही, परंतु आत छोट्या अक्षरांत किलोमीटर लिहिण्याची रीत मागे उरली.

मापे बदलताना चालकाची खरी अडचण गुणाकाराची नसते. १.६ ने गुणणे कोणालाही जमते. आकडा आणि शरीराची जाणीव यांचे जे नाते वर्षानुवर्षांत जुळलेले असते, ते तुटते. साठ म्हटले की वाऱ्याचा अमुक आवाज, स्टिअरिंगची अमुक थरथर, हे चालकाच्या अंगात मुरलेले असते. आयर्लंडने जानेवारी २००५ मध्ये वेगमर्यादा किलोमीटरमध्ये नेल्या, तेव्हा तेथील जुन्या मोटारींच्या मालकांनाही याच अनुभवातून जावे लागले. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचा प्रवास नेमका उलटा. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, त्यामुळे आपल्या दोन पिढ्या किलोमीटरवरच वाढल्या आहेत. मैल उरला आहे तो 'मैलाचा दगड' या शब्दप्रयोगात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभर या आकड्याला सरावलेला तरुण न्यू जर्सीच्या महामार्गावर ६५ चा फलक पाहतो, तेव्हा तो आकडा त्याला संथ वाटतो आणि रस्ता मात्र अंगावर धावून येतो. काही आठवडे तो मनात भाषांतर करीत राहतो. क्रूझ कंट्रोलची कळ अशा वेळी उपयोगी पडते, कारण यंत्राला आकड्याशी कर्तव्य नसते. त्याला चाकाच्या फेऱ्या कळतात. टीटर यांच्या फिरत्या वजनांना तर मैल आणि किलोमीटर यांतला फरक कधीच ठाऊक नव्हता. ती भाषा फक्त चकतीवर छापलेली होती.

'परफेक्ट सर्कल' कंपनी १९६३ साली डाना कॉर्पोरेशनने विकत घेतली. टीटर यांनी मिळवलेल्या पैशाचा वाटा अभियांत्रिकीच्या तरुण अध्यापकांसाठी लावला. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सकडून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. कन्या मार्जरी यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले. १९८८ साली, मृत्यूनंतर सहा वर्षांनी, अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये टीटर यांचे नाव घेण्यात आले. यांत्रिक वजने आणि दट्टे तोवर मागे पडू लागले होते. त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक परिपथांनी घेतली, आणि १९९० च्या दशकात समोरच्या वाहनाचे अंतर मोजून स्वतः वेग कमी करणारी यंत्रणाही आली. काही नव्या मोटारींत वेगमर्यादा ओलांडली की ऐक्सिलरेटर पायाला उलटा रेटा देतो. ती सोय अत्याधुनिक म्हणून जाहिरातली जाते. १९५० च्या पेटंटमध्ये ती आहे.

१५ फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी राल्फ टीटर यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेचे मेट्रिक मंडळही सरकारने गुंडाळले. हॅगर्सटाउनच्या दक्षिणेकडून काही मैलांवर सत्तर क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जातो. त्यावरचे फलक अजूनही मैलांतच आहेत.